विद्यार्थ्यांचा परवाना आणि विद्येचें पीक

या मासिकाचे वाचक खतें, बियाणें, कीड, पाणी आणि बाजारभाव यांवरील लेखांस सरावलेले आहेत. त्यांच्यापुढें परदेशच्या विद्यापीठांचा आणि तेथें जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हिसाचा विषय मांडला, तर "हें आमच्या बांधावर कोठून आलें?" असा प्रश्न कोणी केल्यास तो वावगा म्हणतां येणार नाहीं. म्हणून आरंभींच खुलासा केलेला बरा.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. तहसील कचेरींत ऐपतीच्या दाखल्यासाठीं पूर्वीं जे अर्ज येत, ते बहुधा ठेकेदारांचे किंवा जामीन राहणाऱ्यांचे असत. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मात्र त्या अर्जांत "मुलाचें परदेशीं शिक्षण", "मुलीचें परदेशीं शिक्षण" असें कारण वरचेवर दिसूं लागलें. अर्जासोबत सात-बाराचे उतारे, आठ-अ, जमिनीच्या मूल्यांकनाचा दाखला असे कागद येत. आणि कर्ज मंजूर झालें कीं थोड्याच दिवसांत त्याच सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बँकेचा बोजा चढे. दूरच्या एखाद्या राजधानींत निघालेला हुकूम अशा रीतीनें आमच्या गांवच्या काळीच्या उताऱ्यापर्यंत येऊन पोहोंचतो.

आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराची मुलगी शेतकीची उच्च पदवी घेऊन तुरीवरील मर रोगाचा अभ्यास करीत होती. परदेशच्या एका विद्यापीठानें तिला संशोधनासाठीं घेतलें. निम्मा खर्च विद्यापीठ देणार होतें. उरलेल्यासाठीं बापानें साडेतीन एकरांवर बोजा चढवून घेतला. प्रवेशाचा कागद आला, पैशांची तजवीज झाली, आणि ऐन वेळीं मुलाखतीची तारीखच मिळेना. सत्र सुरू झालें तेव्हां मुलगी घरींच होती. यांत मुलीची चूक नव्हती, बापाची नव्हती आणि ज्या अध्यापकानें तिला निवडलें त्याचीहि नव्हती. मग नुकसान कोणाचें झालें? वरवर पाहतां त्या घराचें. परंतु थोडें खोल गेल्यास असें दिसतें कीं, त्या अध्यापकाचें, त्या विद्यापीठाचें, आणि तुरीच्या पट्ट्यांतील तुम्हां-आम्हां सर्वांचेंहि झालें. हें कसें, तें सांगणें हाच या लेखाचा हेतु.

परवाना म्हणजे काय?— व्हिसा म्हणजे परक्या राष्ट्रानें आपल्या हद्दींत येण्यास दिलेली परवानगी. विद्यार्थ्याचा व्हिसा हा तिचा एक पोटभेद. अमेरिकेची रीत अशी कीं, प्रथम विद्यापीठ प्रवेशाचा कागद देतें. त्यावर विद्यार्थी शुल्क भरतो, अर्ज करतो आणि वकिलातींत जाऊन मुलाखत देतो. ही मुलाखत बहुधा कांहीं मिनिटांचीच असते. कायद्याचें गृहीत असें आहे कीं, येणारा इसम कायमचा राहण्यासाठींच येत आहे. तसें नाहीं हें पटवून देण्याचा भार अर्जदारावर असतो. शिक्षणाचा खर्च कोठून येणार हेंहि दाखवावें लागतें, आणि त्यासाठीं आमच्याकडील ऐपतीचे दाखले साता समुद्रांपलीकडे जातात. सारांश, या दाराच्या कुलपास दोन किल्ल्या आहेत. एक विद्यापीठाच्या हातीं, दुसरी सरकाराच्या हातीं. पहिली किल्ली फिरली तरी दुसरी फिरल्यावांचून दार उघडत नाहीं.

हें कुलूप फार जुनें आहे असें नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं पदवी घेतली, तेव्हां असा विद्यार्थी-परवाना नव्हता. अमेरिकेनें १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस मज्जाव केला, परंतु विद्यार्थ्यांस त्यांतून वगळलें. १९२४ च्या कायद्यानें मान्यताप्राप्त संस्थेंत केवळ शिकण्यासाठीं येणाऱ्या, पंधरा वर्षांवरील विद्यार्थ्यांचा स्वतंत्र वर्ग केला; आणि १९५२ च्या कायद्यानें हल्लींच्या विद्यार्थी-व्हिसाचा सांचा घातला. म्हणजे ज्या काळीं मजुरास दार लावून घेतलें जात होतें, त्या काळींहि विद्यार्थ्यासाठीं फट ठेवावी, हें त्या सरकारास कळत होतें.

वर्ध्याचा एक विद्यार्थी— या फटीचें मोल काय, याचें उत्तम उदाहरण आमच्याच प्रांतांतील आहे. डॉ. पांडुरंग खानखोजे हे वर्ध्याचे. या शतकापूर्वींच्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते अमेरिकेस गेले, पश्चिम किनाऱ्याकडील ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील कॉलेजांत शेतकी शिकले आणि गदर चळवळींत पडले. इंग्रज सरकारच्या रोषामुळें त्यांस मायदेशीं परततां येईना. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोंत गेले. तेथें चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत अध्यापक झाले, मका व गहूं यांच्या सुधारणेचें काम केलें, आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा चालविल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनीं आपल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें. स्वातंत्र्य आल्यानंतर ते परत आले आणि नागपुरास राहिले. परंतु उमेदीचीं वर्षें मेक्सिकोंत गेलीं होतीं. मनुष्य वर्ध्याचा, विद्या अमेरिकेची, आणि पीक मेक्सिकोच्या शेतकऱ्याचें! विद्येचें बी ज्या जमिनींत रुजूं दिलें जातें, तेथेंच तें फळ देतें. बी कोणाचें होतें, हें पीक विचारीत नाहीं.

विद्यापीठाचें शेत कसें पिकतें?— अमेरिकेचीं शेतकी विद्यापीठें मुळांत जमिनीच्या देणगींतून उभीं राहिलीं, ही गोष्ट आमच्या वाचकांस आवडेल. १८६२ च्या मॉरिल कायद्यानें प्रत्येक राज्यास त्याच्या केंद्रीय प्रतिनिधींच्या संख्येप्रमाणें, दर प्रतिनिधीमागें ३०,००० एकर जमीन देऊं केली. तिच्या उत्पन्नांतून शेतकी व यांत्रिक विद्या शिकविणारीं कॉलेजें काढावयाचीं होतीं. १८८७ च्या हॅच कायद्यानें त्यांस प्रयोगक्षेत्रें जोडलीं. पुढें हाच नमुना आमच्या देशांत आला. पंतनगरचें विद्यापीठ १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठाच्या साह्यानें निघालें, आणि आपल्या राज्यांत राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी व दापोली १९७२ अशीं विद्यापीठें झालीं.

अशा विद्यापीठांत नवा शोध लागतो तो कसा? अध्यापक प्रश्न हातीं घेतो व त्यासाठीं पैसा मिळवितो. परंतु वाफ्यांत उभें राहून ओंबी-ओंबीवरचा तांबेरा मोजणें, रोपांचे संकर बांधणें, प्रयोगशाळेंत रात्र-रात्र बुरशी वाढविणें, आंकड्यांचीं कोष्टकें मांडणें, हें सारें काम संशोधक विद्यार्थी करतात. एका विद्यार्थ्याचें काम पुरें होण्यास पांच-सहा वर्षें लागतात, आणि पिकाचा नवा वाण शेतकऱ्याच्या हातीं पडण्यास आठ-दहा वर्षें सहज जातात. आतां हे राबते हात कोणाचे? अमेरिकेंत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र या विषयांत डॉक्टरेट मिळविणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक तात्पुरत्या व्हिसावर आलेले असतात. हे हात काढून घेतले तर शेत ओसाड पडत नाहीं, परंतु निंदणी वेळेवर होत नाहीं. आणि वेळेवर न झालेल्या निंदणीचा परिणाम आमच्या वाचकांस सांगावयास नको.

शोध आणि परके विद्यार्थी यांचा संबंध केवळ तर्कानें मानावा असेंहि नाहीं. चेल्लाराज, मास्कस व मट्टू या अर्थशास्त्र्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, उच्च शिक्षण घेणाऱ्या परक्या विद्यार्थ्यांची संख्या १० टक्क्यांनीं वाढली, तर अमेरिकेंतील पेटंटांचे अर्ज सुमारें ४.५ टक्क्यांनीं आणि विद्यापीठांस मिळणारीं पेटंटें ६.८ टक्क्यांनीं वाढतात. पेटंट म्हणजे नव्या शोधाची हक्कनोंदच होय. त्यावरून शोधांचें पीक पायलीनें नव्हे तरी पसाभर मोजतां येतें.

आतां शेतकऱ्याच्या पदरीं काय पडलें, तें पाहूं. पंजाबांत १९३५ सालीं जन्मलेले गुरुदेव खुश कॅलिफोर्नियांत शिकून १९६० सालीं डॉक्टर झाले, आणि पुढें फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत त्यांच्या देखरेखीखालीं आय. आर. ३६, आय. आर. ६४ हे भाताचे वाण निघाले. उत्तर प्रदेशांत जन्मलेले संजय राजाराम ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या विद्यापीठांत शिकले, आणि त्यांनीं मेक्सिकोंतून जगास ४८० हून अधिक गव्हाचे वाण दिले. रतन लाल हे १९६८ सालीं ओहायो येथें डॉक्टर झाले व जमिनींतील सेंद्रिय कर्बाच्या अभ्यासाबद्दल जगन्मान्य झाले. तिघांसहि जागतिक अन्न पारितोषिक मिळालें: खुश यांस १९९६ मध्यें, राजाराम यांस २०१४ मध्यें व लाल यांस २०२० मध्यें. तिघेहि एके काळीं परक्या देशांत शिकावयास गेलेले विद्यार्थी होते. आणि तिघांपैकीं एकाचीहि विद्या एका देशाच्या कुंपणांत राहिली नाहीं. आय. आर. ६४ आपल्याच देशांत लाखों शेतकऱ्यांनीं पेरला आहे.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें— ज्या घराचें दार, त्या घराचें म्हणणें ऐकून घेणें हा न्याय होय. परक्या विद्यार्थ्यांवर निर्बंध असावे असें म्हणणारे सारेच द्वेषानें बोलतात असें समजणें चुकीचें ठरेल. त्यांचे आक्षेप चार आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, परके पदवीधर फार झाले तर देशीं पदवीधरांचें वेतन उतरतें. जॉर्ज बोर्हास या अर्थशास्त्र्यानें असें दाखविलें आहे कीं, परक्यांच्या येण्यानें एखाद्या विषयांतील डॉक्टरांची संख्या १० टक्क्यांनीं वाढली, तर त्या विषयांतील लोकांचें वेतन ३ ते ४ टक्क्यांनीं घटतें. ज्यानें बाहेरगांवच्या मजुरांच्या टोळ्या आल्यावर गांवच्या मजुरीचा दर उतरलेला पाहिला आहे, त्यास हें सहज पटेल. दुसरा आक्षेप राहत्या जागांचा: विद्यार्थी भराभर आले, परंतु घरें वाढलीं नाहींत, म्हणजे भाडें चढतें. तिसरा आक्षेप भोंदू संस्थांचा: कांहीं संस्था शिकविण्याचें नांव करून प्रत्यक्षांत परवानेच विकतात. चौथा आक्षेप गुपितांचा: शत्रुराष्ट्राचा विद्यार्थी विद्येबरोबर राष्ट्राचें रहस्यहि नेईल, ही भीति.

या चारांत तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. परंतु भीतीच्या भरांत केलेला बंदोबस्त कसा उलटतो, याचा एक धडा इतिहासांत आहे. च्यान श्वेसन हे चिनी विद्यार्थी १९३५ सालीं शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, आणि पुढें कॅलिफोर्नियांत अग्निबाणांच्या शास्त्रांत अग्रगण्य झाले. तेथील सरकारी लष्करी कामांतहि त्यांनीं भाग घेतला. १९५० सालीं त्यांच्यावर कम्युनिस्टपणाचा संशय आला, गुप्त कामाची परवानगी काढून घेतली गेली, आणि पांच वर्षें नजरेखालीं ठेवून १९५५ मध्यें त्यांस चीनला जाऊं दिलें. चीनच्या अग्निबाणांचा व क्षेपणास्त्रांचा पाया त्यांनींच घातला. ज्याच्याविषयीं भीति धरली, त्यासच त्या भीतीनें प्रतिपक्षाच्या दारीं नेऊन पोहोंचविलें.

तीन राष्ट्रांचा अनुभव— अलीकडच्या काळांत तीन राष्ट्रांनीं आपलीं दारें उघडलीं-मिटलीं, तीं कशीं हें क्रमानें पाहूं.

इंग्लंडनें शिक्षण संपल्यावर दोन वर्षें काम करण्याची जी मुभा दिली होती, ती १९१२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, एप्रिल २०१२ मध्यें काढून घेतली. परिणाम असा झाला कीं, २०१०-११ मध्यें तेथें सुमारें ३९,००० भारतीय विद्यार्थी होते, ते पांच वर्षांत १७,००० च्या आंत आले. विद्यार्थी शिकावयाचे थांबले नाहींत. त्यांनीं दुसऱ्या देशाची वाट धरली. २०२१ मध्यें ती मुभा पुन्हां सुरू होतांच २०२१-२२ मध्यें भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सव्वा लाखावर गेली. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांस कुटुंब सोबत आणण्याची बंदी झाली, आणि २०२५ मध्यें ती दोन वर्षांची मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचें जाहीर झालें. सुमारें एका तपांत दार मिटलें, उघडलें आणि पुन्हां अर्धवट लोटलें.

कॅनडाची गोष्ट एकाच पिकावर भिस्त ठेवणाऱ्या शेतकऱ्याची आहे. तेथील ऑन्टॅरिओ प्रांतानें २०१९ मध्यें देशीं विद्यार्थ्यांचें शुल्क १० टक्क्यांनीं उतरविलें व पुढें तें तेथेंच गोठविलें. कॉलेजांनीं तूट भरून काढली ती परक्या विद्यार्थ्यांच्या चढ्या शुल्कांतून. विद्यार्थी इतके वाढले कीं घरांची टंचाई हा राजकारणाचा विषय झाला. जानेवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारानें त्या वर्षींच्या परवान्यांवर सुमारें ३,६०,००० ची मर्यादा घातली. ही आदल्या वर्षाहून सुमारें ३५ टक्के कमी होती. विद्यार्थ्यानें निर्वाहासाठीं दाखवावयाची रक्कमहि १०,००० डॉलरांवरून २०,६३५ डॉलरांवर नेली. त्यासरशीं अनेक कॉलेजांनीं अभ्यासक्रम बंद केले व नोकर कमी केले. आणि ते अभ्यासक्रम बंद झाल्यानें देशीं विद्यार्थ्यांचीहि सोय गेली. येथें चूक मर्यादा घालण्यांत नव्हती. आधीं सैल सोडणें आणि मग एकाएकीं लगाम खेंचणें, ही चूक होती.

अमेरिकेंत २०२४-२५ च्या वर्षांत ११,७७,७६६ परके विद्यार्थी होते. त्यांपैकीं ३,६३,०१९ भारतीय, म्हणजे कोणत्याहि एका देशाहून अधिक. त्या देशानें शिक्षणोत्तर कामाची मुभा शास्त्र विषयांतील विद्यार्थ्यांसाठीं २००८ मध्यें सतरा महिन्यांनीं वाढविली, आणि २०१६ मध्यें ती वाढ चोवीस महिन्यांची केली. २०२५ मध्यें मात्र वारा फिरला. २२ मे रोजीं हार्वर्ड विद्यापीठाचा परके विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्याचा हुकूम निघाला. दुसऱ्याच दिवशीं न्यायालयानें त्यास तहकुबी दिली, परंतु मध्यंतरीं तेथील सुमारें ६,८०० परक्या विद्यार्थ्यांच्या जिवाचा थरकाप झाला असेल तो वेगळाच. २७ मे पासून विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणें सर्वत्र थांबविलें गेलें व १८ जून रोजीं, समाजमाध्यमांवरील लिखाणाच्या तपासणीची अट घालून, पुन्हां सुरू झालें. ऑगस्टांत, विद्यापीठें उघडण्याच्या वेळीं, त्या देशीं पोहोंचणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या त्याच महिन्याहून सुमारें १९ टक्क्यांनीं, आणि भारतीयांची सुमारें ४४ टक्क्यांनीं घटली. त्याच महिन्यांत असाहि प्रस्ताव मांडला गेला कीं, शिक्षण चालेल तोंवर राहण्याची जी मुभा होती, तिच्याऐवजीं चार वर्षांची कमाल मुदत असावी. डॉक्टरेटला पांच-सहा वर्षें लागतात, हें वर आलेंच आहे. डाळिंबाची बाग लावणाऱ्यास खंडानें दोनच वर्षें जमीन द्यावी, तसाच हा प्रकार होय.

मुद्द्याची गोष्ट— या तीनहि हकिकती ताडून पाहिल्यावर आमच्या मनांत एकच गोष्ट पक्की झाली. विद्यापीठांस आणि शोधांस मारक होतो तो निर्बंधांचा कडकपणा तितका नव्हे, जितकी त्यांची अनिश्चितता. शेतकऱ्यास हें कळावयास वेळ लागत नाहीं. धरणांत पाणी कमी आहे, यंदा दोनच पाळ्या मिळतील, असें पाटबंधारे खात्यानें हंगामापूर्वीं सांगितलें, तर आपण ऊस लावीत नाहीं. हरभरा, ज्वारी पेरतों आणि निभावून नेतों. परंतु चार पाळ्यांचें वचन देऊन, लागण झाल्यावर दुसऱ्याच पाळीस दार पाडलें, तर ऊसहि जातो, बेण्याचा पैसाहि जातो, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षीं त्या पाटावर कोणी विश्वास टाकीत नाहीं.

विद्यापीठांचेंहि तसेंच. किती विद्यार्थी घ्यावयाचे, कोणत्या संस्थांस अधिकार द्यावयाचा, शिक्षणानंतर किती दिवस राहूं द्यावयाचें, हें ठरविण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्रास आहे. भोंदू संस्था बंद कराव्या, घरांच्या सोयीप्रमाणें संख्या नेमावी, नाजूक विषयांत माणसागणिक चौकशी करावी. परंतु जो विद्यार्थी एका अटीवर आला, त्याची अट मध्येंच बदलूं नये. आणि नवी अट लावावयाची ती पुढील खेपेच्या विद्यार्थ्यांस, पुरेशी मुदत देऊन लावावी. जमीन महसुलाची आकारणी पूर्वीं तीस वर्षांसाठीं कायम करीत, ती उगीच नव्हे. उद्यां सारा वाढेल या भीतीनें कोणी विहीर खोदावयाचें थांबूं नये, हा तिच्यामागचा हेतु होता. विद्यार्थ्यानें आपल्या आयुष्याचीं सहा वर्षें परक्या देशांत घालावीं, ही विहीर खोदण्यासारखीच गोष्ट आहे.

आपलें स्वतःचें दार— परक्यांस उपदेश करतांना आपल्या घराकडेहि पाहिलें पाहिजे. आपल्या देशांतहि परके विद्यार्थी येतात. सरकारी पाहणीप्रमाणें २०२१-२२ मध्यें ते ४६,८७८ होते. एकट्या अमेरिकेंत शिकणाऱ्या आपल्या मुलांशीं ताडून पाहतां ही संख्या फारच थोडी आहे. ऑगस्ट २०२१ मध्यें अफगाणिस्तानांत राज्यक्रांति झाली, तेव्हां देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे पूर्वीं दिलेले व्हिसे आपल्या सरकारानें रद्द केले. कारण सुरक्षिततेचें होतें, व तें क्षुल्लक नव्हतें. परंतु सुटींत घरीं गेलेले जे विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत शिकत होते, ते त्यामुळें तिकडेच अडकून पडले. पुण्यास अफगाण विद्यार्थी बरेच असतात. हें दुःख तेव्हां तेथील वर्गांतूनहि दिसलें असेल. तात्पर्य, हा दोष एका राष्ट्राचा नाहीं. भीति वाटली कीं आधीं विद्यार्थ्याचें दार लावावें, ही संवय सर्वांसच आहे. कारण विद्यार्थ्यास त्या देशांत बहुधा मत नसतें.

खातेदारांस चार शब्द— धोरणें ठरविणें आपल्या हातीं नाहीं. पण आपला सात-बारा आपल्या हातीं आहे. म्हणून कचेरींत जें पाहिलें त्यावरून कांहीं सूचना कराव्याशा वाटतात.

(१) सर्व खात्यावर बोजा चढवूं नये. घराचें वर्षाचें धान्य व चारा ज्या गटांतून निघतो, तो गट मोकळा ठेवावा.

(२) कर्जाचा हप्ता मुलाच्या परदेशच्या कमाईंतून फिटेल असा हिशेब करूं नये. शिक्षणानंतर काम करण्याची मुभा हा हक्क नसून धोरण आहे, आणि धोरण बदलतें, हें वर दिसलेंच. येथल्या उत्पन्नांतून जेवढा हप्ता झेपेल तेवढेंच कर्ज काढावें.

(३) विकत घेतलेल्या पदवीपेक्षां विद्यापीठ स्वतः वेतन देऊन घेतें ती संशोधनाची जागा चांगली. ज्या अध्यापकास आपल्या मुलाची गरज आहे, तो त्याच्यासाठीं खटपटहि करतो.

(४) संस्थेस परके विद्यार्थी घेण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हें त्या त्या सरकारच्या यादींत स्वतः पाहावें. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबूं नये.

(५) ऐपतीचा दाखला फुगवून मागूं नये. "साहेब, चार आंकडे वाढवा, मुलाचें कल्याण होईल" अशी गळ आमच्यापुढें अनेकांनीं घातली. खोट्या कागदानें कल्याण होत नाहीं. अमेरिकेच्या कायद्यानें खोटी माहिती देऊन परवाना मागणाऱ्यावर कायमची बंदी येऊं शकते, आणि ती बापावर नव्हे, मुलावर येते.

एवढें सांगूनहि, मुलांस बाहेर पाठवूंच नका, असें आमचें म्हणणें नाहीं. खानखोज्यांच्या आईबापांनीं तसें म्हटलें असतें, तर मेक्सिकोच्या शेतकऱ्याचें नुकसान झालें असतें; खुश यांच्या आईबापांनीं म्हटलें असतें, तर आपलें.

असो. ज्या मुलीची हकिकत आरंभीं दिली, ती हल्लीं गांवाजवळच्या एका प्रयोगक्षेत्रावर मदतनीस म्हणून काम करते. विद्यापीठानें जागा एक वर्ष राखून ठेवली; दुसऱ्या वर्षाचें वचन दिलें नाहीं, कारण त्या अध्यापकाचा पैसा मुदतबंद होता. मर लागलेल्या तुरीचीं झाडें उपटून तीं मुळें ती अजून कागदाच्या पिशव्यांत भरून ठेवते. बापानें बोजा उतरविलेला नाहीं. "का उतरवीत नाहीं?" असें विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "भाऊसाहेब, पाळी येईल या आशेवर शेत नांगरून तर ठेवलेंच पाहिजे." पाळी ज्यांच्या हातीं आहे, त्यांनीं तिची तारीख आधीं सांगावी, एवढेंच मागणें आहे, तें अधिक आहे असें आम्हांस वाटत नाहीं.